पत्र कोणापासून लपवायचं?

आमच्या गावात पोस्टमन दुपारी यायचा. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव. घरटी एक माणूस तरी बाहेर. आधी मुंबईच्या गोदीत किंवा बोटीवर, आणि सत्तरच्या दशकानंतर कुवेत, दुबई, दोहा. त्यामुळे पोस्टमनच्या पिशवीत निळसर एअरोग्राम असायचे. एअरोग्राम म्हणजे घडी घालून डिंकानं चिकटवलेला एकच कागद. त्याला वेगळं पाकीट नाही. तो उघडताना हमखास एखादी ओळ फाटायची, आणि नेमकी तीच पैशांची असायची.

मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन, म्हणजे १९८०च्या आसपास. वाचन बरं होतं, म्हणून मोहल्ल्यातल्या तीन-चार घरांची पत्रं वाचण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. शेजारच्या एका खालाचा नवरा कुवेतला होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र आलं की पडवीत सासरा, सासू, दीर, जाऊ असे सगळे जमायचे आणि मी मोठ्यानं वाचायचो. कौलं फिरवली का, म्हशीचं काय झालं, अमक्याच्या लग्नात आहेर किती दिला. खाला दाराआड उभी राहून ऐकायची. मग दुपारी घर झोपलं की ती आमच्या मागच्या दारी यायची, पदराआडून तेच पत्र काढायची आणि म्हणायची, "आता परत वाच. मोठ्यानं नको, हळू."

मी परत वाचायचो. तिच्यासाठी वेगळं असं त्यात जवळजवळ काहीच नसायचं, कारण हे पत्र पडवीत वाचलं जाणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं. "तब्येतीची काळजी घे" या एका ओळीवर ती मला थांबवायची. ती ओळ दोनदा-तीनदा वाचायला लावायची. मला हसू यायचं. दहा वर्षांच्या पोराला यातलं काही कळत नाही, म्हणूनच तिनं मला निवडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे टेपरेकॉर्डर आले आणि आखातातून पत्रांऐवजी कॅसेट यायला लागल्या. अक्षरओळख नसलेल्यांची मोठीच सोय झाली. पण टेपरेकॉर्डर घरात एकच, आणि तो पडवीत. कॅसेट लावली की आवाज विहिरीपर्यंत जायचा. कागद निदान घडी घालून पदराआड ठेवता यायचा.

हल्ली मोबाइल, आधार, बँक, ॲप यांच्या संदर्भात खासगीपणाची चर्चा ऐकू येते, तेव्हा मला ही खाला आठवते. तिला ते पत्र भारत सरकारपासून लपवायचं नव्हतं, कुवेतच्या सरकारपासूनही नाही. पोस्टमनचं तर तिला काहीच वाटत नव्हतं. तिला पडवीपासून लपवायचं होतं. आणि गुपितं राखण्याची साधनं ज्यांनी घडवली, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी 'कोणापासून?' हा प्रश्न वापरणाऱ्यालाच जाऊन विचारला. त्या इतिहासाबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

हा इतिहास सहसा राजे, हेर आणि सेनापती यांच्या गोष्टींतून सांगितला जातो. मला त्यातला एक भाषाशिक्षक जवळचा वाटतो. ऑग्युस्त केर्कहॉफ्स हा जन्मानं डच, पॅरिसमध्ये भाषा शिकवणारा माणूस. १८७०-७१च्या युद्धात फ्रान्स जर्मनांकडून हरला होता. तारायंत्रामुळे लष्करी हुकूम तारांवरून धावू लागले होते, आणि तार वाटेत कोणीही ऐकू शकतं. अशा वेळी, १८८३ साली, केर्कहॉफ्सनं एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात सांकेतिक लेखनावर एक दीर्घ लेख लिहिला आणि चांगल्या पद्धतीच्या सहा अटी घातल्या.

त्यातली दुसरी अट जगभर गाजली. पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं, असा तिचा आशय. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत ती आजही त्याच्या नावानं शिकवतात. तिसरी अट म्हणते की किल्ली कागदावर न लिहिता लक्षात ठेवता आली पाहिजे. आणि सहावी, शेवटची अट अशी की पद्धत वापरायला सोपी हवी. डोक्याला ताण पडू नये, नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागू नये. हा माणूस वर्गात उभा राहून व्याकरण शिकवत होता. लांबलचक नियमांचं विद्यार्थी काय करतात, हे त्याला माहीत होतं. (याच केर्कहॉफ्सनं पुढे व्होलाप्युक नावाच्या कृत्रिम जागतिक भाषेचा हिरिरीनं प्रचार केला. ती भाषा फार टिकली नाही. तिथे त्याला स्वतःची सहावी अट आठवायला हवी होती.)

सहावी अट मात्र विसरली गेली. १९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी संगणकातली माहिती सुरक्षित राखण्याची आठ तत्त्वं मांडली. माणसाच्या मनाला पटेल आणि सहज वापरता येईल अशी रचना हवी, हे त्यांनीही लिहिलं. आठवं, म्हणजे पुन्हा शेवटचंच. घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर स्वयंपाक करणारी बसते, तशी ही अट प्रत्येक यादीत शेवटी बसलेली दिसते.

मग इंटरनेट आलं. साधा ई-मेल म्हणजे उघडं पोस्टकार्ड. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली सुरू झालं आणि 'वाईट बातमी कार्डावर लिहू नये' हा शहाणपणा लोकांनी आपसूक मिळवला. ई-मेल दिसायला मात्र पाकिटासारखा. फिल झिमरमन नावाच्या अमेरिकन माणसाला हे खटकलं. १९९१ साली त्यानं पीजीपी नावाची आज्ञावली तयार केली आणि फुकट वाटली. साध्या माणसाला आपलं पत्र सरकारलाही उघडता येणार नाही असं बंद करता यावं, हा त्याचा हेतू. ती देशाबाहेर पसरली. अमेरिकेच्या कायद्यात अशा गुप्तलेखनाची गणना शस्त्रास्त्रांत होत होती, त्यामुळे त्याच्यामागे शस्त्र-निर्यातीची चौकशी लागली. ती १९९६ साली, खटला न भरता, बंद झाली. दरम्यान १९९५ साली एमआयटीच्या प्रकाशन संस्थेनं ती सगळी आज्ञावली चक्क पुस्तक म्हणून छापली, कारण आज्ञावलीवर निर्यातबंदी असली तरी छापील पुस्तकावर नव्हती. कवितासंग्रह खपत नाहीत म्हणून कुढणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार आवडते.

कुलूप पक्कं होतं, पण ते लागत होतं का? १९९९ साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर या दोघांनी ते तपासलं. त्यांनी ई-मेल वापरण्याची सवय असलेली बारा माणसं घेतली. तुम्ही निवडणूक प्रचारात काम करता असं समजा, आणि हा गुप्त कार्यक्रम सहकाऱ्यांना पीजीपीनं बंद करून पाठवा, असं सांगितलं. वेळ दिला दीड तास. बारापैकी फक्त चौघांना जमलं. तिघांनी तर ते गुपित चुकून उघडंच पाठवून दिलं. पीजीपीत दोन किल्ल्या असतात, एक जगाला द्यायची आणि एक स्वतःपाशी ठेवायची. कोणती कुठे वापरायची, हे कळेना. अनेकांनी समोरच्याच्या किल्लीऐवजी स्वतःच्याच किल्लीनं पत्र बंद केलं, म्हणजे ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच ते उघडता येणार नाही. पडद्यावर किल्लीचं सुबक चित्र होतं. पण किल्लीनं कुलूप लावतात आणि त्याच किल्लीनं उघडतात, हे माणूस लहानपणापासून शिकलेला. दोष त्या बाराजणांचा नव्हता. चित्रच चुकीचं होतं.

त्याच वर्षी लंडनमध्ये ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅस यांचा लेख आला. त्याचं शीर्षकच होतं, 'वापरणारे हे शत्रू नव्हेत'. लोक पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवतात, सोपे ठेवतात, एकमेकांना सांगतात, म्हणून सुरक्षा अधिकारी त्यांना बेफिकीर म्हणत. या दोघी थेट कर्मचाऱ्यांशी बोलल्या. तेव्हा कळलं की एकेका माणसावर अनेक पासवर्ड लादले आहेत, ते वरचेवर बदलायला लावतात, आणि हे सारं कशासाठी ते कोणी सांगत नाही. लोकांना पर्वा होती. त्यांची स्मरणशक्ती मात्र माणसाची होती.

तरी पुढची अठरा वर्षं गाडी त्याच रुळावर चालली. २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेत बिल बर यांनी पासवर्डची नियमावली लिहिली. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक काळानं बदल हा जो जाच तुम्ही-आम्ही सोसतो, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. २०१७ साली त्याच संस्थेनं सक्तीनं पासवर्ड बदलायला लावू नका असं नव्यानं सांगितलं, आणि तोवर निवृत्त झालेल्या बर यांनी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. माझे पासवर्ड दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर आहेत. त्याच पानावर न जमलेल्या गझलांचे काफियेही आहेत, त्यामुळे चोराला जरा कष्ट पडतील.

मोठा बदल झाला तो एप्रिल २०१६मध्ये. सिग्नल घडवणाऱ्या मंडळींनी तयार केलेली गुप्तलेखनाची पद्धत व्हॉट्सॲपनं आपल्या सर्व संदेशांना लावली. तेव्हा त्याचे वापरकर्ते शंभर कोटींवर होते. कोणाला काही विचारलं नाही, किल्ल्यांची चित्रं दाखवली नाहीत, दीड तासाची परीक्षा घेतली नाही. संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्या फोनखेरीज तो मधे कुठे वाचता येणार नाही, एवढी सोय निमूट झाली. ज्या कामात १९९९ साली बारापैकी आठ शिकलेली माणसं नापास झाली, ते आता भाजीवाला, रिक्षावाला आणि माझ्या गावची पोरं रोज न कळत करत होती. केर्कहॉफ्सच्या सहाव्या अटीला न्याय मिळायला १३३ वर्षं लागली. संदेशांची साठवलेली प्रत मात्र तशीच उघडी राहत होती. तिलाही कुलूप लावण्याची सोय २०२१ साली आली, आणि ते ज्याचं त्यानं शोधून लावायचं. दाराचं कुलूप आपोआप आणि खिडकीचं स्वतः, अशातली ही गत.

पण हे कुलूप होतं दोन फोनांच्या मधल्या वाटेवर. पोस्टमनपासून पत्र सुरक्षित झालं. पडवीचं काय?

ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल एकमतानं दिला. आधारविरुद्ध २०१२ साली न्यायालयात गेलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या नावानं तो ओळखला जातो. खासगीपणा ही मूठभर वरच्या वर्गाची चैन आहे, गरिबाला आधी अन्न आणि सरकारी लाभ हवेत, अशा अर्थाचा युक्तिवाद तिथे झाला होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रानं तो स्पष्ट शब्दांत फेटाळला.

पुढच्याच वर्षी, २०१८मध्ये, नित्या सांबशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ स्त्रियांशी बोलून तो केला होता. खासगीपणाबद्दल विचारल्यावर, ते आमच्यासाठी नाही, श्रीमंत बायकांसाठी, अशा अर्थाचं उत्तर एकीनं दिलं, आणि तेच त्या अभ्यासाचं नाव झालं. म्हणजे न्यायालयानं नाकारलेला युक्तिवाद जिच्या बाजूनं नाकारला, तीच तो खरा मानत होती! पण या बायका करत काय होत्या ते बघा. त्यांचा फोन नवरा, मुलं, सासू, भाऊ सर्रास हाताळत. पूर्ण फोनला कुलूप लावलं तर घरात प्रश्न उभा राहतो, म्हणून त्या एखाद्याच ॲपला लावत. सगळं संभाषण पुसलं तर रिकामी जागा चुगली करते, म्हणून त्यातला नेमका एखादाच संदेश किंवा फोटो पुसत. आणि काही गोष्टी फोनवर आणायच्याच नाहीत असं ठरवत. 'खासगीपणा' हा शब्द त्यांनी श्रीमंतांना देऊन टाकला होता, त्याची कला मात्र स्वतःपाशी ठेवली होती. आमच्या खालाची मागच्या दाराची वाट याच कलेतली.

इथे मला वाटतं ते सांगतो. साधन घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर परका शत्रू असतो; सैन्य, सरकार किंवा चोर. आपल्याकडच्या पुष्कळ माणसांना ज्यांच्यापासून काही राखायचं असतं, ती माणसं त्याच घरात जेवतात. आणि त्यांच्याशी वैरही नसतं. सासूपासून पत्र लपवणारी खाला सासूचे पायही चेपायची. म्हणून दिसणारं कुलूप तिच्या कामाचं नाही. व्हॉट्सॲपनं मे २०२३मध्ये ठरावीक संभाषणाला वेगळं कुलूप लावायची सोय दिली, पण अशी कुलूपबंद संभाषणं आहेत हे फोन हातात घेणाऱ्याला कळू शकत होतं. सहाच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, तो कप्पाच अदृश्य करण्याची सोय आली. शोधायच्या जागी आपला गुप्त शब्द लिहिला तरच तो दिसतो. कोणीतरी अखेर पडवीचा विचार केला.

उलट बाजूनंही तो झाला, आणि आधी झाला. २०२० सालच्या सुमारास झटपट कर्ज देणारी ॲप बोकाळली. कर्ज घेताना ती फोनमधली सगळी नावं-नंबरांची यादी मागत. हप्ता चुकला की धमकीचे फोन नुसते कर्जदाराला जात नसत. ते सासऱ्याला, साहेबाला, मुलाच्या शिक्षकाला जात. आपण कोणाला घाबरतो, कोणासमोर मान खाली जाईल, हे त्या वसुलीवाल्यांनी चोख ओळखलं होतं. काही माणसांनी जीव दिले. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली ही यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण तो वापरणाऱ्याला 'सावध राहा' असं सांगत बसत नाही. मागणाऱ्याचाच हात धरतो.

आधारच्या बाबतीत तसं झालं नाही. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पुढे २०१८ साली, आधार क्रमांक उघड न करता काम भागावं म्हणून, सोळा आकडी आभासी क्रमांकाची सोय झाली. शेवटचे चारच आकडे दाखवणारं झाकलेलं आधारही मिळतं. दोन्ही कल्पना चांगल्या. पण कोणत्याही काउंटरवर जा, मागतात ती सरळ झेरॉक्स. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, झाकलेलं द्या. लोक घाबरले. दोन दिवसांत सरकारनं ते पत्रक मागे घेतलं आणि नेहमीची काळजी घ्या एवढंच सांगितलं. नेहमीची म्हणजे कोणती? मध्यंतरी कवितांच्या प्रती काढायला एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं माझा हिशेब ज्या कागदाच्या पाठीवर मांडला, तो कोणा बाईच्या आधारची बिघडलेली प्रत होता. नाव, फोटो, पत्ता, बारा आकडे. मी तो कागद मागून घेतला आणि घरी येऊन फाडला. दुकानदार वाईट माणूस नव्हता. कागद वाया जाऊ नये एवढंच त्याला वाटत होतं.

२०२३ साली संसदेनं वैयक्तिक डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातली एक तरतूद मला, मराठीत लिहिणारा माणूस म्हणून, महत्त्वाची वाटते. तुमची माहिती मागताना संमतीची सूचना स्पष्ट, सोप्या भाषेत हवी, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय हवा. म्हणजे मराठीतही. आता ती मराठी कोण लिहिणार, हा खरा प्रश्न आहे. 'मी सहमत आहे' या तीन शब्दांच्या आधी बारीक टाइपात जे लिहिलेलं असतं, ते आजवर आपल्यापैकी किती जणांनी वाचलं? सरकारी मराठीचा अनुभव पाहता, कठीण इंग्रजीच्या जागी कठीण मराठी येण्याची भीती मला वाटते. अशी सूचना पक्की करण्याआधी ती दहा माणसांना वाचायला द्यावी, आणि काय कळलं ते त्यांनाच विचारावं. व्हिटन आणि टायगर यांना बाराच लागले होते. आणि ज्यांना वाचताच येत नाही, त्यांना ती ऐकवावी.

ती खाला आता सत्तरीच्या पुढे आहे. नवरा कुवेतहून कायमचा परत आला, काही वर्षं सोबत राहिला आणि गेला. मुलगा दोह्याला असतो. अक्षरओळख तिला शेवटपर्यंत झाली नाही, पण मुलानं दिलेला मोबाइल तिच्या उशाशी असतो आणि त्यावर त्याचे बोललेले संदेश येतात. गेल्या ईदला मी गावी गेलो तेव्हा तिच्याकडे बसलो होतो. पडवी तीच, आता तिथे फरशी आहे. नातवंडं, सून, शेजारपाजारचे असे सात-आठजण होते. फोन वाजला. नातीनं तो उघडून दिला, त्रिकोणावर बोट ठेवलं आणि मुलाचा आवाज सगळ्या पडवीत घुमला, "अम्मी..."

खालानं फोन उचलून सरळ कानाला लावला. फोन कानाशी गेला की तो आवाज बाहेरचा थांबून आतल्या आत, फक्त कानात येतो, अशी त्यात सोय असते. तिला ती कोणी शिकवली नव्हती. फोन कानालाच लावायचा असतो, एवढंच तिला माहीत. पडवी एकदम शांत झाली. ती ऐकत राहिली, बराच वेळ. मग फोन खाली घेतला, पडद्याकडे नुसतं पाहिलं, आणि नातीला म्हणाली, "परत लाव. तोच."